हलका खेळ, जड प्रश्न : ‘विंग्ज ऑफ वॉर’ जाणत्या खेळाडूंसाठी आहे का?

१/८
दिवसभर चालणारे युद्धखेळ खेळलेल्या माणसासमोर दहा मिनिटांत नियम समजणारा विमानयुद्धाचा खेळ ठेवला, की तो बहुधा हसतो. ‘हे लहान मुलांचे!’ हा निवाडा कितपत न्याय्य आहे? आजचा थ्रेड याच प्रश्नावर.

२/८
हा वाद जुना आहे. १८२४ मध्ये प्रशियाच्या राइसविट्झने ‘क्रीग्सश्पील’ची नियमावली प्रसिद्ध केली : नकाशा, फासे, हानीचे तक्ते आणि पंच. पुढे नियमांचे ओझे वाढत गेले. १८७६ मध्ये वेर्डी द्यु व्हेर्न्वा यांनी तक्ते दूर सारून अनुभवी पंचाच्या निर्णयाला महत्त्व दिले. नियम हलके झाले ते सैन्यातील अधिकाऱ्यांसाठी, नवशिक्यांसाठी नव्हे.

३/८
आकाशातही हेच घडले. १९७२ चा ‘रिख्टहोफेन्स वॉर’ षटकोनी घरांच्या नकाशावर खेळला जाई; उंचीची नोंद ठेवावी लागे. २००४ मध्ये आंद्रेआ आंजोलिनो आणि पिएर जोर्जो पाल्या या इटालियन रचनाकारांनी ‘विंग्ज ऑफ वॉर’मधून ही घरेच काढून टाकली.

४/८
येथे प्रत्येक विमानाला त्याच्या क्षमतेनुसार पत्त्यांचा संच मिळतो. पुढच्या तीन हालचाली गुप्तपणे ठरवायच्या. मग सर्वांनी एकेक पत्ता एकाच वेळी उघडायचा. शत्रू पट्टीच्या टप्प्यात आला, की गोळीबार. पुढे याच पद्धतीने खेळायच्या लहान प्रतिकृतीही आल्या.

५/८
जाणत्यांचा आक्षेप खरा आहे. मूळ नियमांत उंचीच नाही. ती ऐच्छिक नियमांत येते. ओस्वाल्ड बोल्के या जर्मन वैमानिकाने १९१६ मध्ये घालून दिलेल्या नियमांत मात्र हल्ल्यापूर्वी वरचढ स्थान मिळवणे आणि सूर्य पाठीशी ठेवणे यांवर भर होता. उंची हे वैमानिकाचे भांडवल होते.

६/८
तरीही एक गोष्ट हा खेळ नेमकी पकडतो : अनिश्चितता. आळीपाळीच्या खेळात शत्रूची चाल पाहून उत्तर देता येते. येथे केवळ अंदाज बांधावा लागतो. २८ ऑक्टोबर १९१६ रोजी खुद्द बोल्के लढाईच्या धुमश्चक्रीत सहकाऱ्याच्याच विमानाशी टक्कर होऊन मृत्युमुखी पडला. नियम लिहिणाऱ्यालाही पुढचा क्षण ठाऊक नव्हता.

७/८
कोलकात्याचा इंद्रलाल रॉय आठवा. ६ ते १९ जुलै १९१८ या दोन आठवड्यांत त्याच्या नावावर १० विजय नोंदले गेले. २२ जुलैला तो पडला. वय अवघे १९. आपण हरलो की पत्ते पिसून पुन्हा मांडतो. खेळ हलका असो. त्यामागचे मरण हलके नव्हते, एवढे भान असावे.

८/८
निष्कर्ष : यंत्राचा अभ्यास हवा असेल, तर हा खेळ अपुरा पडेल. निर्णयाचा अभ्यास हवा असेल, तर जाणत्यांनी तो अवश्य खेळावा. मात्र उंचीचे नियम घेऊन आणि प्रत्येक बाजूला दोन-तीन विमाने ठेवून. किचकटपणा आणि खोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचा अनुभव काय सांगतो? जरूर लिहा.