पनवेल सिडकोच्या आधीचे

पनवेल हे सिडकोचे अपत्य, १९७० पूर्वी तिथे भातखाचरे आणि मिठागरे यांपलीकडे काही नव्हते, असे सर्रास बोलले जाते. जाणती माणसेही हे खरे धरून चालतात. हे मत मुळातच चुकीचे आहे.

पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली ती १८५३ च्या एप्रिलमध्ये. म्हणजे रेल्वे येण्याआधीच स्वतःचा कारभार पाहण्याइतकी वस्ती आणि व्यापार या गावात होता. तो व्यापार आला खाडीतून. १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता खुला झाला, तेव्हा पुण्याचा उतारू मुंबईहून पडावाने पनवेल बंदरात उतरे आणि पुढे खोपोलीवरून घाट चढे. टपालाचा मार्गही हाच. तांदूळ आणि मीठ इथून मुंबईला जाई. बंदरापुढचा सगळा प्रवास गाड्यांवर, म्हणून गाडीची चाके घडवणारे कारागीर इथे नावाजले. टपाल नाका, मिरची गल्ली, कोळीवाडा, वडाळे आणि कृष्णाळे तळे, हे सगळे कुठल्याही नियोजनकाराच्या नकाशाआधीचे.

उलट बाजूचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे. १८६३ मध्ये घाटातली रेल्वे कर्जतकडून वर चढली, पनवेल आडबाजूला पडले आणि उतारूंची वर्दळ आटली. हे मान्यच. पण त्यावरून गाव संपले असा निष्कर्ष काढता येत नाही. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा उद्योग पनवेलमध्येच सुरू केला, तो १८७२ मध्ये, रेल्वेने पाठ फिरवल्यावर नऊ वर्षांनी. मेलेल्या गावात कोणी उद्योग मांडत नाही.

आणि २०१६ च्या १ ऑक्टोबरला महापालिका झाली तेव्हा खारघर, कामोठे, कळंबोली या सिडकोच्या वसाहती पनवेलच्या नावाखाली आल्या; पनवेल त्यांच्या नावाखाली गेले नाही.

हा वाद निव्वळ अभिमानाचा नाही. कोरी जमीन समजून आखणी केली की सर्वांत आधी विसरले जाते ते पाणी. माथेरानच्या डोंगरातून उतरणारी गाढी आणि खाडीतून चढणारी भरती गावाच्या तोंडाशीच भेटतात. २६ जुलै २००५ ला गाढीचे पाणी घरांत शिरले ते याच वाटेने. खाडीकाठी भराव टाकण्याची परवानगी देण्यापूर्वी महापालिकेने जुन्या बंदराचे नकाशे समोर ठेवलेच पाहिजेत.