पेटमध्ये नक्की काय पेटतं?

गेल्या रविवारी मामीचा फोन आला. मामांचे घशाच्या कर्करोगाचे उपचार संपून आता दोन वर्षं होतील. डॉक्टरीणबाई दर खेपेला दुर्बिणीने घसा बघतात, मान नीट चाचपतात आणि "छान आहे, पुढच्या वेळी या" म्हणतात. मामीचं मन काही भरत नाही. "अगं, पेट का नाही सांगत या? तिथे रांगेत बसलेल्या एका बाईच्या नवऱ्याचा दर सहा महिन्यांनी करतात. उद्या काही निघालं तर आपणच पैशाकडे बघितलं असं व्हायला नको."

मी फोनवर जरा त-त-प-प केलं. मग आठवडाभर या पेटचाच इतिहास वाचत बसले. म्हटलं, मामीला जे सांगायचं ते इथेच लिहावं, म्हणजे बाकीच्या नातेवाईकांनाही वेगळं सांगायला नको :)

तर गोष्ट सुरू होते १९२०च्या दशकात, बर्लिनमध्ये. ओटो वारबुर्ग नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की कर्करोगाच्या गाठी साखर अधाशासारख्या खातात, आणि भरपूर प्राणवायू असतानाही ती अर्धवट जाळून लॅक्टिक आम्ल करतात. पण ही भूक जिवंत माणसाच्या शरीरात बघायची कशी, हे पुढची पन्नास वर्षं कुणाला जमलं नाही.

गंमत म्हणजे जमवलं ते मेंदूवाल्यांनी. मेंदूचा कुठला भाग किती साखर वापरतो हे त्यांना बघायचं होतं. १९७०च्या दशकात अमेरिकेत सेंट लुईसला टेर-पोगोसियन, फेल्प्स आणि हॉफमन यांनी पेटचं यंत्र घडवलं. तिकडे न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत साखरेच्या रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन जोडून एफडीजी तयार झालं. ऑगस्ट १९७६मध्ये ते विमानाने फिलाडेल्फियाला नेलं आणि तिथे अबास अलावी यांनी दोन निरोगी स्वयंसेवकांना टोचलं. तेव्हा तिथे पेटचं यंत्रही नव्हतं, दुसऱ्याच यंत्रावर मेंदूची चित्रं काढली! विमानाची घाई अशासाठी, की हा फ्लोरिन दर ११० मिनिटांनी निम्मा होतो.

ही साखर पेशीत शिरते, पण पेशीला ती पुढे पचवता येत नाही आणि सहज बाहेरही टाकता येत नाही. ती तिथेच अडकते, तिच्यातून निघणाऱ्या किरणांची नोंद यंत्र घेतं आणि चित्रात ती जागा उजळते. आमच्याकडे सगळे त्याला "पेटलं" म्हणतात. पेटमध्ये पेटलं, शब्दही कसा अगदी जुळून आलाय.

पण पेटते ती भूक. मेंदू दर वेळी पेटतो, मूत्राशय पेटतं, हृदय कधीकधी पेटतं. जखम, सूज, जंतूंशी चाललेली लढाई, सगळं पेटतं. आणि आपल्या देशात क्षयरोग पेटतो. मामांच्या पहिल्या पेटमध्ये घशाच्या गाठीबरोबर छातीतलीही एक गाठ उजळली होती, आठवतंय? रोग छातीत पसरलाय असं धरलं असतं तर बरं करण्याचे उपचार बाजूला ठेवून नुसते आराम देणारे सुरू झाले असते. डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. सुईने नमुना घेतला आणि क्षयाची सूज निघाली. ते आठ दिवस आपण कसे काढले ते मला आजही लिहवत नाही.

कर्करोगाच्या रोजच्या उपचारांत पेट यायला वेळ लागला. ही साखर बनवायला सायक्लोट्रॉन लागतो, तोही फार लांब असून चालत नाही. अमेरिकेत १९९८ साली सरकारी विमा फुप्फुसाच्या कर्करोगासाठी पेटचा खर्च देऊ लागला. त्याच वर्षी पिट्सबर्गला पेट आणि सीटी एकत्र जोडलेलं पहिलं यंत्र चालू झालं, त्यामुळे पेटलेली जागा नेमकी कुठली ते कळू लागलं. आपल्याकडे पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आला.

आता खरा मुद्दा. वाचताना मला जाणवलं की पेटने मोठं काम केलं ते नको असलेली शस्त्रक्रिया टाळायचं. नेदरलँड्समध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १८८ रुग्णांचा अभ्यास २००२ साली छापून आला. आधी पेट केलं नाही त्या गटात ४१ टक्क्यांची छाती फुकट उघडली गेली, पेट केलं त्या गटात २१ टक्क्यांची. २०१६ साली ब्रिटनमधून मान-घशाच्या ५६४ रुग्णांचा अभ्यास आला. किरणोपचार आणि केमो संपल्यावर १२ आठवड्यांनी पेट करून गरज असेल त्यांच्याच मानेची शस्त्रक्रिया केली, तर एका गटात २२१ शस्त्रक्रिया झाल्या तिथे दुसऱ्यात फक्त ५४. आणि दोन वर्षांनंतर जगलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच!

मामांचा तीन महिन्यांनंतरचा पेट आठव. तो स्वच्छ आला म्हणून त्यांची मान उघडली नाही. आज ते खांदा वर करून माळ्यावरचे डबे काढतात ना, त्यात त्या एका चित्राचा वाटा आहे.

मग दर सहा महिन्यांनी का नाही? अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ सालीच सांगितलं, की उपचार पूर्ण झालेल्या आणि काही त्रास नसलेल्या माणसात रोग परत आलाय का हे बघायला सरसकट पेट करू नये. अशा पेटमुळे आयुष्य वाढतं असा पुरावा पक्का नाही, आणि भलतीच जागा पेटली की पुन्हा सुया, पुन्हा ते आठ दिवस.

मामी, पैशाचा प्रश्न असता तर आपण सगळ्यांनी मिळून तो सोडवला असता, हे तुलाही माहीत आहे. "आता कधीच येणार नाही" असं कुणीतरी लिहून द्यावं असं तुला वाटतं. मलाही वाटतं. पण पेटच्या कागदावर फक्त त्या दिवसाचं लिहिलेलं असतं.

गिळताना त्रास झाला, कान दुखत राहिला, मानेत गाठ लागली, तर एक दिवसही न थांबता दाखवायचं. डॉक्टरीणबाईंनी पेट सांगितला तर लगेच करू. तोवर त्यांच्या बोटांवर भरवसा ठेवू. पुढच्या तपासणीला मी सुट्टी काढून तुमच्याबरोबर येतेय. रांगेत ती बाई भेटली तर तिच्याशी गप्पा मारू. तिच्या नवऱ्याचा आजार कदाचित वेगळा असेल, आपण विचारलंच कुठे?

असो. फारच लांबलं. मामांना सांग, डबे काढताना स्टूल नीट धरा म्हणून.