मेदाचे माप

अंगातील मेद मोजण्याची हौस आजची नव्हे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात वसा तीन अंजली, मेद दोन अंजली आणि मज्जा एक अंजली असे प्रमाण दिले आहे. ही ओंजळ ज्याची त्याने स्वतःची घ्यावयाची. तालमीतल्या पैलवानाची ओंजळ निराळी आणि कचेरीतल्या कारकुनाची निराळी, हे त्या शास्त्रकाराने ओळखले होते. हे प्रमाण कमीजास्त होणारे असून तर्कानेच जाणावयाचे, असेही तेथेच म्हटले आहे. म्हणजे माप होते, पण मापण्याचे साधन नव्हते. वैद्याची नजर हेच यंत्र.

युरोपात साधन आले ते तराजूच्या रूपाने. ब्रुसेल्सच्या वेधशाळेचे आदॉल्फ केतले यांनी १८३५ साली आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, प्रौढ माणसांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यांना लठ्ठपणाशी काही कर्तव्य नव्हते. ते 'सरासरी मनुष्य' शोधीत होते. पण किलोंतील वजनाला मीटरांतील उंचीच्या वर्गाने भागून येणारा तोच अंक १९७२ साली अँसेल कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बॉडी मास इंडेक्स' या नावाने पुढे आणला, आणि आज तो प्रत्येक दवाखान्यात भिंतीवर टांगलेला असतो.

वजन म्हणजे मेद नव्हे, हे मात्र त्यापूर्वीच सिद्ध झाले होते. ज्या १९४२ साली आमच्या भुईकोट किल्ल्यात पंडित नेहरू आदी नेते स्थानबद्ध झाले, त्याच साली अमेरिकन आरमारातील डॉक्टर अल्बर्ट बेंके यांनी २५ धंदेवाईक फुटबॉलपटूंना पाण्यात बुडवून तोलले. वजनाच्या कोष्टकाप्रमाणे त्यांतले १७ जण लठ्ठ, सबब लष्करास नालायक ठरत होते! पाण्याने निराळाच निवाडा दिला. मेद पाण्याहून हलका, स्नायू व हाडे जड, आर्किमिडीजचेच तत्त्व. त्या गड्यांचे बहुतेक वजन स्नायूंचे होते. ही रीत खरी, पण फुप्फुसात उरलेली हवा वेगळी मोजावी लागते, आणि आजाऱ्याला, म्हाताऱ्याला किंवा तान्ह्या मुलाला कोण बुडविणार?

आमच्या दृष्टीने खरी महत्त्वाची गोष्ट घडली ती शेजारच्या पुण्यात. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांची पाहणी आरंभिली. तेथील नवजात मुलांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या मुलांचे ३.५ किलो. आमची मुले सर्वच मापांत लहान होती. परंतु खांद्याच्या फऱ्याखाली चिमट्याने कातडीची घडी धरून मोजली, तेव्हा तेथे घट सर्वांत कमी आढळली. पोट बारीक, स्नायू तुटपुंजे, पण मेद जपून ठेवलेला! २००३ साली हे प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण छापले. दोघांचाही निर्देशांक २२.३. पण दोन शक्तींच्या क्ष-किरणांनी मेद मोजला, तर युडकिन यांचा ९.१ टक्के, आणि याज्ञिकांचा २१.२ टक्के! एका अंकाच्या पोटात किती अंतर दडू शकते, याचा याहून बोलका पुरावा आमच्या पाहण्यात नाही.

आमच्या जिल्ह्यात तरी प्रश्न बराच काळ उलटाच होता. जामखेडला डॉ. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले, तेव्हा मुलांचे वजन घ्यावयाचे ते पोषण कमी पडते की काय हे पाहण्यासाठी. पण 'बारीक आहे, म्हणजे मधुमेहाची भीती नाही' ही समजूत त्याच काळजीच्या आड वाढली, आणि ती अनेक कृश गृहस्थांना महागात पडली. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २५ च्या आधी, २३ वरच सावध होण्याचा आकडा सुचविला, तो या अनुभवामुळेच.

क्ष-किरणांचे यंत्र खेडोपाडी नाही. चिमट्याला सरावलेला हात लागतो. दोन माणसांनी धरलेली घडी क्वचितच सारखी येते. राहता राहिली कापडबाजारातल्या शिंप्याची टेप. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, ती गुंडाळावी. भारतीय पुरुषाला ९० आणि स्त्रीला ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. पोटावरचा मेद कातडीखालचा की आतला, हे टेपेला सांगता येत नाही. पोट आत ओढून घेणाऱ्या गृहस्थापुढे तर तिचे काहीच चालत नाही.