कागोमे

जपानी भाषेत ‘कागो’ म्हणजे टोपली आणि ‘मे’ म्हणजे डोळा, अर्थात विणीत राहणारे भोक. बांबूच्या पट्ट्या तीन दिशांनी विणल्या की षट्कोनी भोके आणि त्यांच्याभोवती छोटे त्रिकोण उमटतात. १९५१ साली इचिरो शोजी यांनी अशा जाळीवरच्या चुंबकत्वाचे गणित मांडले आणि कोजी फुशिमींनी सुचवलेले हे नाव भौतिकशास्त्रात रुजले.

नाव निव्वळ सजावटीचे आहे, असा आक्षेप घेता येईल. ही आकृती खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६१९ मध्येच काढली होती. शिवाय चुंबकत्वात आकाराला नव्हे, कोणता अणू कोणाशी जोडलेला आहे यालाच महत्त्व. पण टोपलीची वीण नेमके तेच सांगते, म्हणून मला हे नाव अतिशय समर्पक वाटते. एका छेदावर, म्हणजे अणूच्या जागी, दोनच पट्ट्या येतात. त्यामुळे प्रत्येक अणूला चार शेजारी मिळतात आणि त्रिकोण एकमेकांना फक्त कोपऱ्यात भेटतात. तिसरी पट्टीही तिथूनच गेली असती तर शेजारी सहा झाले असते. शेजाऱ्याच्या उलट दिशा धरू पाहणाऱ्या स्पिनना, म्हणजे अणूंच्या इवल्या चुंबकांना, त्रिकोणात तिघांचेही समाधान साधत नाही आणि कोपऱ्यातली सैल जोडणी एका त्रिकोणाची तडजोड पुढच्यावर पुरती लादतही नाही. हर्बर्टस्मिथाइट या खनिजात तांब्याचे अणू याच जाळीत बसतात. हे खनिज ०.०५ केल्व्हिनपर्यंत थंड केले तरी स्पिनची नियमित मांडणी दिसली नाही. ही खरी क्वांटम स्पिन-द्रव अवस्था, म्हणजे कितीही थंडीत स्पिन न गोठणारी अवस्था, आहे का, हा वाद अजून मिटलेला नाही, कारण खनिजातल्या जस्ताच्या जागी शिरलेले तांबे मोजमापात ढवळाढवळ करते.