ओल्या माशीचा पक्ष
गळाच्या दांडीवर रेशमी धागा गुंडाळून त्यावर तित्तिराच्या मऊ पिसाचे एकदोन वेढे दिले, की ट्राउट माशाला भुलविणारी ‘ओली माशी’ सिद्ध होते. मऊ पीस पाण्याखाली किड्याच्या पायांसारखे हलते. उत्तर इंग्लंडमधील ही विद्या प्रिट यांनी १८८५ साली ग्रंथबद्ध केली. पुढच्याच वर्षी हॅलफर्ड यांचा तरंगत्या माशीवरील ग्रंथ निघाला आणि दक्षिणेकडील नितळ नद्यांवर ओली माशी जवळजवळ निषिद्ध ठरली. स्क्यूज या वकिलांनी मात्र १९१० साली तिचा पक्ष मांडला. पकडलेल्या माशांची पोटे तपासून, त्यांचे बरेचसे खाद्य पाण्याखालचेच असते, हे त्यांनी दाखविले. आग्रही मतापुढे त्यांनी ठेवला तो प्रत्यक्ष पुरावा.