आजोबांची पद्मिनी, एक फेरारी आणि बसलेला पाटा

मागच्या शनिवारी सोलापूरला घरी गेलो होतो. विजापूर वेशीजवळच्या एका गॅरेजात आजोबांची प्रीमियर पद्मिनी उभी होती, मागून बसलेली. चूक आमचीच. लग्नाच्या गडबडीत मागच्या सीटवर पाच जण आणि डिकीत ज्वारीची पोती. मेकॅनिक चाचा गाडीखालून बाहेर आले आणि म्हणाले, "पाटा बसलाय की वो मालक. काढून कमान द्यावं लागतंय."

बाबा म्हणाले, भंगारात काढू. मी पडलो इंजिनिअर, मला राहवतंय होय? "टांग्याचं तंत्र आहे हे. आता सगळीकडे कॉइल स्प्रिंग असते," असं ठोकून दिलं. आजोबा काहीच बोलले नाहीत. रात्री जरा शोधाशोध केली, आणि माझं वाक्य माझ्याच अंगाशी आलं.

आधी थोडं तंत्र. स्प्रिंगचे मुख्य प्रकार तीन. पाटा म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्या. तो वजन झेलतो आणि मागचा अॅक्सलही जागेवर धरून ठेवतो. शिवाय पट्ट्या एकमेकींवर घासतात, त्यामुळे गाडीचं हिंदकळणं थोडं कमी होतं. एकात तीन कामं, तेही स्वस्तात. तोटा हा की तो जड असतो, आणि तेच घर्षण बारीक खड्ड्यांवर चाकाला मोकळं हलू देत नाही. कॉइल हलकी आणि मोकळी, पण ती फक्त वजन झेलते. चाक धरायला वेगळे आर्म लागतात. तिसरा प्रकार टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाणारा सरळ दांडा. गंमत म्हणजे कॉइल दाबली की तिची तारही पिळलीच जाते. कॉइल म्हणजे गुंडाळलेला टॉर्शन बारच!

आता १९६२ साल बघा. त्या वर्षी इटलीत फियाट ११०० डी आली. तीच १९६४ पासून मुंबईत कुर्ल्याला बनू लागली आणि पुढे पद्मिनी झाली. पुढे विशबोन आणि कॉइल, मागे अखंड अॅक्सल आणि पाटे. त्याच वर्षी फेरारीची २५० जीटीओ आली. पुढे विशबोन आणि कॉइल, मागे अखंड अॅक्सल आणि... पाटे! जेमतेम ३६ गाड्या बनल्या, आज त्यांच्या किमती शेकडो कोटींत आहेत, आणि १९६२ ते १९६४ सलग तीन वर्षं जीटी गाड्यांचं विजेतेपद तिच्याकडे होतं. अर्थात फेरारीने अॅक्सल नीट धरायला वॉट लिंकेज नावाची जोडणी वेगळी दिली होती. म्हणजे पाट्यावरचं एक काम काढून घेतलं होतं.

त्याच वर्षीच्या लोटस एलानला चारही चाकांना कॉइल. पुढच्या वर्षी पोर्शेने ९११ दाखवली, तिला चारही चाकांना टॉर्शन बार. जागा वाचली आणि पुढे डिकी मिळाली. १९६३ च्याच कॉर्व्हेटला मागे स्वतंत्र सस्पेन्शन, पण स्प्रिंग म्हणून आडवा टाकलेला नऊ पट्ट्यांचा पाटा. प्रश्न एकच, चार हुशार कंपन्यांची चार उत्तरं. चुकीचं एकही नाही.

मग पद्मिनी म्हातारी का झाली? माझ्या मते उत्तर पाट्यात नाही, पुढच्या वर्षांत आहे. कॉर्व्हेटवाल्यांनी १९८१ मध्ये पोलादी पाट्याच्या जागी फायबरग्लासचा एकच पाटा आणला आणि सुमारे १५ किलो वजन वाचवलं. १९८४ च्या मॉडेलपासून तो पुढेही आला आणि थेट २०१९ पर्यंत टिकला. त्यानंतर कॉइल. पोर्शेने टॉर्शन बार पंचवीस वर्षं घासूनपुसून वापरला आणि १९८९ च्या सुमारास सोडला. आपल्याकडे मात्र लायसन्स राज. किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवणार, बाहेरची गाडी येणार नाही, गिऱ्हाईक बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट बघणार. मग बदलायची घाई कोणाला? १९६२ चा तो आराखडा २००० च्या आसपासपर्यंत जवळपास तसाच चालला.

याचं मला सोलापूरकर म्हणून जास्त वाईट वाटतं. प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढणारे वालचंद हिराचंद सोलापुरात जन्मलेले, १८८२ मध्ये. इंग्रजांच्या राज्यात जहाज कंपनी, विमानाचा कारखाना आणि १९४४ मध्ये मोटारीची कंपनी काढणारा माणूस थांबणाऱ्यांतला नव्हता. १९५३ मध्ये ते गेले. त्यांच्या कंपनीची सगळ्यात गाजलेली गाडी त्यांनी पाहिलीच नाही, आणि ती थांबलेलीही पाहिली नाही.

ऑफिसात जुना कोड दिसला की आम्ही नाक मुरडतो. तो कोणतं ओझं झेलतोय हे आधी बघत नाही. आणि चालतंय म्हटल्यावर वीस वर्षं हातही लावत नाही. दोन्ही चुका सारख्याच महाग.

असो. रविवारी सकाळी मीच गॅरेजात गेलो आणि चाचांना म्हणालो, "द्या कमान." आजोबांना फेरारीची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "मग तुझा टांगा पेट्रोल भरून आण."

निमूट आणलं :)