कार्बन-नलिका आणि ॲस्बेस्टॉसचा धडा

ब्रिटनमधील कारखाना-निरीक्षिका ल्यूसी डीन यांनी ॲस्बेस्टॉसच्या धुळीचा धोका १८९८ च्या अहवालात नोंदविला. नियम झाले ते १९३१ साली, कामगारांचा फुप्फुसरोग पाहणीत सिद्ध झाल्यावर. कार्बनच्या अतिसूक्ष्म नलिकाही तंतुमयच. परंतु त्यांचा इतिहास निराळा आहे. सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. २००८ मध्ये एडिंबरो येथील संशोधकांच्या प्रयोगांत लांब नलिकांनी उंदरांच्या उदरपोकळीत ॲस्बेस्टॉससारखा दाह उत्पन्न केला. आखूड नलिकांनी केला नाही. २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने, प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे, कामाच्या जागेतील हवेसाठी दर घनमीटरला १ मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचविली. रुग्णांची गणना होण्यापूर्वीच मर्यादा ठरली, हे विशेष होय. तथापि ती शिफारस होती, कायदा नव्हे. आणि केवळ शिफारशीचे पालन मालकाच्या विवेकावरच अवलंबून असते.